मदत हवी आहे: शेतातून दुसरी हायटेन्शन लाइन येतेय, यंत्रं आत शिरण्याआधी काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

९ वर्षांपूर्वी आमच्या शेतात हायटेन्शन लाइनीचा टॉवर उभा राहिला. आता तिला समांतर दुसरी लाइन यायची आहे. गेल्या आठवड्यात सर्व्हेवाले खुंट्या ठोकून, लाल फडकी बांधून गेले. चारही खुंट्या आमच्या सगळ्यात चांगल्या तुकड्यात आहेत.

मोबदला, हरकती, कायदा यांचे नियम ठिकाणागणिक वेगळे, आणि त्यासाठी आम्ही वकील गाठलाय. तेव्हा इथे ती चर्चा नको, ही विनंती. मला विचारायचंय ते जमिनीबद्दल. पहिल्या वेळी टॉवरखाली किती जागा जाणार एवढंच आम्ही बघत बसलो आणि खरं नुकसान भलतीकडून झालं.

काम सुरू झालं ते पाऊस उघडल्या उघडल्या. जमीन काळी, भारी. वाफसा यायला अजून आठ-दहा दिवस होते. वडील म्हणाले, तेवढे थांबा. पण त्यांचं वेळापत्रक ठरलेलं होतं. आधी खडी-सिमेंटच्या गाड्या आल्या, मग मिक्सर, मग टॉवरचं लोखंड, शेवटी तारेचे ड्रम. चाकं रुतायला लागली की ड्रायव्हर शेजारून नवी वाट काढायचा. महिन्याभरात एका वाटेच्या पाच झाल्या. टॉवरच्या चार पायांनी अडवलेली जागा एका खळ्याएवढी, आणि वाटांनी मळलेली जमीन तिच्या कितीतरी पट.

आजही पीक गुडघ्याला लागलं की बांधावरून त्या वाटा मोजता येतात. दोन चाकांचे दोन पट्टे, त्यातलं पीक वीतभर खुजं. पावसात पाणी तिथेच साचतं आणि उघडीप पडली की सुकतंही आधी तिथलंच. परवा मी एक सळई घेऊन शेतभर फिरले. चांगल्या जागी ती हाताच्या जोराने कोपरभर आत जाते. वाटेवर एका वितीवर खट्ट अडते. खणून बघितलं तर वरचा थर भुसभुशीत, त्याखाली फरशीसारखा आडवा थर, आणि हरभऱ्याचं सोटमूळ तिथे आपटून काटकोनात वळलेलं. ते मूळ हातात घेऊन वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आणखीही बरंच झालं. खड्ड्यातली पिवळी मुरमाड माती वर पसरली गेली आणि वरची काळी माती खाली गाडली गेली. मिक्सर धुतलेलं पाणी बांधालगत ओतलं, तिथे अजून पांढरी खपली आहे. तार कापताना पडलेले तुकडे कुणी उचलले नाहीत. त्यातला एक वैरणीतून आमच्या गाईच्या पोटात गेला. खाणं सुटलं, पाठ वाकवून उभी राहायची. डॉक्टरांनी पोट उघडून तार काढली, पण ती वाचली नाही. मी हे रागाने लिहीत नाहीये. यातलं बहुतेक टाळता आलं असतं असं राहून राहून वाटतं, म्हणून लिहितेय.

आता प्रश्न. बोलणी होतील तेव्हा जमिनीसाठी कोणत्या अटी लिहून मागाव्यात? वाटांखालचा तो घट्ट थर इतक्या वर्षांनी मोडता येतो का? आमची बोअर नव्या तारांच्या बरोबर खाली येईलसं दिसतंय, त्याने काही बिघडतं का? आणि जुन्या लाइनीखालच्या तारेच्या कुंपणाला हात लागला की मुंग्या येतात, ते आता वाढेल का? ज्यांच्या शेतातून लाइन गेलीय किंवा ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं टॉवर लाइनीच्या कामावर सुपरवायझर होतो. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, आणि हे आमच्यासारख्यांच्याच हातून होतं. टॉवरची जागा नकाशावर ठरते. तिथपर्यंतची वाट मात्र कुणी ठरवत नाही, ती गाडीवाला ठरवतो. म्हणून पहिली अट वाटेची घाला. वाट एकच. तिची रुंदी, ती कुठून शिरेल, गाडी कुठे वळेल, सामान कुठे उतरेल हे सगळं कागदावर काढून दोघांच्या सह्या, आणि जागेवर दोन्ही बाजूंना खुंट्या-दोरी. माती सगळ्यात जास्त दबते ती पहिल्या फेरीत, पुढच्या फेऱ्यांत त्या मानाने कमी भर पडते. त्यामुळे पाच वाटा थोड्या थोड्या खराब होण्यापेक्षा एकच वाट पूर्ण खराब झालेली बरी. ओल असेल तर काम थांबेल हेही लिहा, आणि थांबणं शक्यच नसेल तर लोखंडी प्लेटा किंवा जाड लाकडी फळ्या अंथरल्याशिवाय जड गाडी आत येणार नाही असं घाला. जमिनीखालून पाइपलाइन असेल तर तिच्यावर प्लेटा लागतातच. गाडी आत घेण्याआधी चाकं झाडून-धुऊन घ्या. दुसऱ्या शेतातली माती चिकटून येते आणि तिच्याबरोबर तणाचं बी, सूत्रकृमी, मुळांचे रोगही येतात.

खुंटीबद्दल एक सांगतो. टॉवर लाइनीच्या दिशेने थोडा पुढे-मागे सरकवणं तितकं अवघड नसतं. आडवा सरकवला तर लाइनीला कोन येतो आणि तिथे जड बांधणीचा टॉवर लागतो, त्याला ते सहजी तयार होत नाहीत. तुमचा बांध लाइनीला आडवा असेल तर टॉवर बांधावर घ्या असं आजच लेखी मागा. पाया खणल्यावर तो विषय संपला. शेताच्या मधोमध टॉवर आला की ट्रॅक्टरला दर वेळी वळसा घालावा लागतो, कडेला पेरणी-फवारणी दुहेरी होते, चार पायांच्या मधे तण माजतं, उंदीर बिळं करतात. अडलेली जागा पायांपेक्षा खूप मोठी ठरते.

खणताना वरची काळी माती एका ढिगात, खालची दुसऱ्या ढिगात, आणि भरताना उलट क्रम. भराव थराथराने, प्रत्येक थर धुम्मस करून. पाया जितकी जागा घेतो तितकी माती उरतेच, ती उरलेली मुरमाड माती शेतात न पसरता बाहेर न्यायची. मिक्सर धुवायला प्लॅस्टिक अंथरलेला खड्डा हवा. सिमेंटचं पाणी फार अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) १२ च्या वर जातो.

तार ओढणार कशी, हेही विचारा. टेन्शनर आणि पुलर मशीन लावून ओढली तर तार हवेतच राहते, जमिनीला टेकत नाही. तसं नसेल तर ती उभ्या पिकावरून फरफटत जाते. अर्थात मशीन जिथे उभं राहतं ती जागा दबते, तेव्हा तीही आधी ठरवा. शेवटच्या दिवशी जाड चुंबक दोरीला बांधून टॉवरभोवती फिरवायचा. नट, बोल्ट, खिळे किती निघतात ते बघून तुम्ही थक्क व्हाल. पण वरची तार ॲल्युमिनियमची, आत पोलादी गाभा. नुसत्या ॲल्युमिनियमचे तुकडे चुंबकाला लागत नाहीत, ते डोळ्यांनीच वेचावे लागतात. गाईचं वाचून फार वाईट वाटलं.

प्रतिसाद २

मी मृदाशास्त्र शिकवते. तुमची सळईची तपासणी अगदी बरोबर आहे. याच कामाचं पेनेट्रोमीटर नावाचं उपकरण मिळतं. मातीचा विरोध २ मेगापास्कलच्या, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २० किलोच्या पुढे गेला की बहुतेक पिकांची मुळं जवळजवळ थांबतात. मात्र मोजमाप वाटेवर आणि वाटेबाहेर एकाच दिवशी, सारख्या ओलीत घ्यायचं. सुकलेली माती तशीही कडक लागते, आणि त्याच मुद्द्यावर तुमचा पुरावा खोडला जाईल.

वरचा थर किती दबेल हे बरंचसं टायरच्या हवेवर अवलंबून असतं, खालचा थर मात्र आसावरच्या एकूण वजनावर. म्हणून रुंद टायर लावले तरी फार जड गाडीने खोलवरची माती दबतेच. वरचं नांगरटीने सुटतं. खालचं वर्षानुवर्षं राहतं, काही ठिकाणी तर दशकांनंतरही सापडलेलं आहे. तुमची जमीन काळी आहे हे त्यातल्या त्यात बरं. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते, त्यामुळे थोडं काम ती स्वतःच करते.

मोडायचा असेल तर आधी खड्डा खणून थर नेमका किती खोल आहे ते बघा. सबसॉयलरचा, म्हणजे खोलवरचा थर फोडणाऱ्या नांगराचा, फाळ त्याच्या थोडा खालून जायला हवा, आणि तोही जमीन त्या खोलीपर्यंत कोरडी असताना. ओलीत सबसॉयलर चालवला तर थर फुटत नाही, फाळ लोण्यातून गेल्यासारखा जातो आणि भेगेच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. हे फार वेळा चुकतं. त्यानंतर लगेच खोल मुळांचं काहीतरी, ताग किंवा तूर, आणि भरपूर कुजलेलं शेणखत. नुसतं लोखंड फिरवून ठेवलं आणि वर पुन्हा जड ट्रॅक्टर गेला तर एका हंगामात ते पूर्ववत बसतं. जिप्समचा सल्ला कुणी देईल, पण ते सोडियम जास्त असलेल्या जमिनीसाठी. माती तपासल्याशिवाय टाकू नका.

पुराव्यासाठी: काम सुरू होण्याआधी तारखेसह फोटो, मातीचे नमुने, पेनेट्रोमीटरची मापं. काढणीच्या वेळी वाटेवरच्या आणि बाहेरच्या एकेक चौरस मीटरच्या काही चौकटी वेगळ्या कापून वजन करा, आणि हे निदान तीन-चार हंगाम. नुकसान पहिल्या पिकापुरतं धरण्याची सगळीकडे रीत आहे. ती चुकीची आहे, आणि तुमचं ते वळलेलं मूळ त्याचा चांगला पुरावा आहे. फेकू नका.

प्रतिसाद ३

ताई, बोअरचं हलक्यात घेऊ नका. आमच्याकडे लाइन गेली तेव्हा बोअर चालू होती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दोन वर्षांनी मोटर जळाली. बाहेर काढायला माणसं आली, वर बघितलं आणि परत गेली. बरोबरच होतं त्यांचं. तिकाटणं किंवा क्रेन उभी करून लांबलचक पाइप उभा वर घ्यायचा तो तारांखाली कसा घेणार? विजेच्या या दाबाला तारेला स्पर्शही व्हावा लागत नाही, पुरेसं जवळ गेलं की ठिणगी हवेतून उडी मारते. शिवाय तार एका उंचीवर राहत नाही. उन्हाने आणि भाराने तापली की लांबते आणि खाली झोळ येतो. सकाळी दिसली तेवढी उंची दुपारी नसते. आम्हाला शेवटी ती बोअर सोडावी लागली. तुमची बोअर नकाशावर दाखवून घ्या आणि पर्यायी बोअर कामाच्या आधी मागा. स्प्रिंकलरचे ॲल्युमिनियमचे पाइपही तारांखाली उभे धरायचे नाहीत, आडवेच न्यायचे, हे घरातल्या आणि कामावरच्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. बोअरचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी वडिलांना घेऊन गेले, टेपने मोजलं. मधल्या तारेच्या रेषेपासून बोअर जेमतेम चार पावलांवर आहे. आजच अर्जात घातलं.

एक विचारते. नव्या टॉवरच्या खुंट्यांपर्यंत जायला आमच्या जुन्या पाच वाटांपैकी एक जवळजवळ सरळ जाते. ती तशीही दबलेलीच आहे. गाड्या तिच्यावरूनच आणायला लावल्या तर? वडिलांचं म्हणणं, नवी जमीन कशाला मोडायची.

प्रतिसाद १

वडिलांचं अगदी बरोबर आहे. हेच करा. फक्त सबसॉयलर आत्ता चालवू नका, नाहीतर मोकळी केलेली माती पुन्हा दबेल. आधी काम होऊ दे, मग एकदाच. आणि ती वाट जुन्या लाइनीखालून जाते का बघा. जात असेल तर क्रेनचा बूम, म्हणजे लांब हात, खाली घेऊनच तिथून जायचं, हे लेखी हवं.

प्रतिसाद ४

कुंपणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी विद्युत अभियंता आहे. लाकडी खांबांवरची लांब तार लाइनीला समांतर गेली की तिच्यावर विजेचा दाब चढतो, आणि तुम्ही हात लावता तेव्हा तो तुमच्यातून जमिनीत जातो. मुंग्या त्याच्याच. दुसऱ्या लाइनीने ते वाढू शकतं. उपाय म्हणजे कुंपण ठरावीक अंतरांवर चांगलं अर्थिंग करणं आणि लांब तारेचे मधे इन्सुलेटर घालून तुकडे पाडणं. लाइनवाल्यांकडून ते करून घ्या आणि मोजून घ्या. रबरी टायरच्या ट्रॅक्टरला हात लावतानाही असाच झटका बसू शकतो, म्हणून तारांखाली डिझेल भरू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात तब्येतीचा विषय निघतोच. लाइनीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राबाबत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये त्याला '२ब', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवलं. तो आधार लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या मर्यादित पुराव्याचा होता. ५० हर्ट्झसाठी सामान्य माणसांची आंतरराष्ट्रीय शिफारस २०१० पासून २०० मायक्रोटेस्लाची आहे, आणि लाइनीखाली साधारणपणे त्याहून बरंच कमी मोजलं जातं. अंतर वाढलं की ते झपाट्याने घटतं. शेतात काम करायला भिऊ नका. राहतं घर आणि गोठा मात्र जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा.

धागाकर्ती

पुन्हा एकदा आभार. आज दुपारी वडिलांनी स्वतः पहार घेऊन जुन्या वाटेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, मी दोरी बांधली. वाटेची रुंदी चार मीटर. कागदावर त्यांच्या माणसाची सही व्हायची आहे, सोमवारी येतोय. बांधावर टॉवर घ्यायची मागणीही तेव्हाच हातात देणार आहे. वळलेलं मूळ वाळवून काचेच्या बाटलीत ठेवलंय, तेही टेबलावर ठेवेन.

मृदाशास्त्रवाल्या ताई, एकच राहिलं. काम संपेपर्यंत त्या चार मीटरच्या पट्ट्यात काही पेरावं का? नुसतं पडीक ठेवलं तर हराळी माजेल अशी वडिलांना भीती आहे.