घरकाम सांभाळून क्रोशा आणि मणीकाम : कानबाईपर्यंत काय पुरं होईल?

अमळनेरकरीण विचारते :

घरात सासू-सासरे, चौथीतली मुलगी आणि दीड वर्षाचं लेकरू आहे. सलग वेळ मिळतो तो वीस मिनिटांचा, दुपारी किंवा रात्री भांडी आवरल्यावर. श्रावणात कानबाईच्या (आमच्या खानदेशातली देवी) सणासाठी दोन वस्तू करायच्या आहेत : ४५ सेंमीच्या चौरस पाटावर क्रोशाचं आसन आणि तीन फुटी दाराला मण्यांचं तोरण. क्रोशाचे खांब, मुका खांब, साखळी हे टाके येतात. मणीकाम नवीन आहे. काम मध्येच सोडावं लागलं तर बिघडू नये, आणि लेकराच्या हाती मणी लागू नयेत, अशी पद्धत हवी आहे. किती मणी, किती दोरा, तेही कुणी सांगावं.

---

क्रोशा, धुळे :

ताई, आसन एकसंध गोल विणू नका. गोल मोठा होत जातो तशी एकेक फेरी लांबते आणि शेवटच्या फेऱ्या वीस मिनिटांत बसतच नाहीत. चौकोन करा, ४ × ४ असे सोळा. रोज एक.

४ प्लाय (चार पदरी) सुती दोरा आणि ३ मिमीची सुई. चार साखळ्यांचं कडं, त्यात ३ खांब, २ साखळ्या, असं चारदा. (पहिल्या खांबाऐवजी ३ साखळ्या धरायच्या.) पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब, बाजूच्या प्रत्येक घरात (दोन गटांमधल्या फटीत) ३ खांब. चार फेऱ्यांत ४०  गट, म्हणजे १२० खांब होतात. चौकोन साधारण १० सेंमीचा बसतो. कडेने मुक्या खांबांची फेरी घेतली की ११ च्या आसपास, म्हणजे ओळीतल्या चार चौकोनांत पाटाची एक बाजू झाकली. दोरा किती लागेल ते अंदाजाने घेऊ नका : पहिला चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, सोळाने गुणा, वर पाव हिस्सा जोडणीसाठी धरा. सगळा दोरा एकाच वेळी, एकाच लॉटचा घ्या. नंतर आणलेल्या लडीचा रंग पाटावर वेगळा दिसतोच.

हटकून बिघडतं ते टोकांमुळे. सोळा चौकोनांची बत्तीस टोकं शेवटी खोचायला ठेवली तर आसन तिथेच अडकतं. सुरुवातीचं टोक पहिल्या फेरीच्या खांबांखाली दाबूनच विणा. शेवटचं टोक १५ सेंमी ठेवा आणि त्याच बैठकीत सुईने खोचा, एकदा पुढे, एकदा उलट दिशेने. एकाच दिशेने खोचलेलं टोक धुण्यात सरकून बाहेर येतं.

मध्येच उठावं लागलं तर शेवटचा फास बोटभर मोठा ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवा, सुई काढून घ्या. क्रोशात एकच फास जिवंत असतो, म्हणून लेकरू असलेल्या घरात हे काम दोन सुयांच्या विणकामापेक्षा बरं. तिथे सुई ओढली गेली की ओळीतले सगळे टाके उघडे पडतात.

आणखी एक. आपल्याकडे घामाने दोरा सुईवर चिकटतो, हात नकळत घट्ट होतो आणि दुपारचा चौकोन रात्रीच्यापेक्षा अर्धा सेंमी लहान निघतो. लोकरीत हे जास्त होतं, म्हणून सुतीच. प्रत्येक चौकोन पहिल्यावर ठेवून बघा. लहान आला तर त्याला कडेची फेरी ३.५ च्या सुईने घ्या.

---

मणीवाली, भुसावळ :

तोरणाचा हिशेब असा. ८ मिमीचे गोल मणी, चार मण्यांचं एक घर. असं घर लांबीत ८ नाही, सुमारे ११.३ मिमी जागा घेतं, कारण मणी एकमेकांना तिरपे टेकतात. ९० सेंमीला ८० घरं. दोन ओळींच्या पट्टीला आडवे मणी २४० (लाल घ्या) आणि उभे १६२ (सोनेरी). एकूण ४०२, वर वीसेक जास्त ठेवा, काहींची भोकं बुजलेली निघतात.

मणी काचेचे नकोत, प्लास्टिकचे घ्या. काचेचं एवढं तोरण पाव किलोच्या आसपास भरतं आणि तंगूस (नायलॉनचा दोरा) ताणून मधोमध झोळ येतो.

पहिली ओळ : ०.३५ किंवा ०.४० मिमीचा तंगूस साडेतीन मीटर. एक सोनेरी मणी दोऱ्याच्या बरोबर मध्यावर. दोन्ही टोकांत एकेक लाल. मग एका सोनेरी मण्यातून दोन्ही टोकं समोरासमोरून काढून ओढा. झालं घर. पुन्हा दोन्हीकडे लाल, मध्ये सोनेरी.

दुसरी ओळ : नवा दोरा पहिल्या घराच्या खालच्या लाल मण्यातून मध्यावर घ्या. बाहेरच्या टोकात सोनेरी आणि लाल, मग दोन्ही टोकं एका सोनेरीतून. पुढे वरचं टोक आधीच्या ओळीच्या पुढच्या लाल मण्यातून जातं, खालच्या टोकात नवा लाल, आणि दोन्ही टोकं नव्या सोनेरीतून.

आता लेकराचं. दहा घरांना पहिल्या ओळीत २० लाल आणि १० सोनेरी लागतात (अगदी सुरुवातीला एक सोनेरी जास्त). तेवढेच मोजून फिरकीच्या झाकणाच्या डबीत भरा आणि एका बैठकीला एकच डबी उघडा. दहा घरं झाली आणि डबी रिकामी, तर उठा. घरं दहा भरण्याआधीच डबी संपली तर एखादा मणी खाली पडलाय, तो सापडेपर्यंत लेकराला त्या खोलीत सोडू नका. ८ मिमीचा मणी नाकात आणि घशात अडकतो, यात हयगय नको. स्टीलच्या परातीत पंचा अंथरून त्यावर मणी ओता, घरंगळत नाहीत. तंगूसची लांब टोकं पुठ्ठ्यावर गुंडाळून चिमटा लावा.

शेवटी गाठ मारून सोडून देऊ नका. तंगूस गुळगुळीत, एकेरी गाठ सुटते. दोनदा वळसा घेतलेली गाठ मारा, तिच्यावर आणखी एक, गाठ मण्यात ओढून घ्या आणि टोक तीन-चार घरांतून मागे ओवून मग कापा.

---

अमळनेरकरीण :

दोघींचे मनापासून आभार. पंधरा घरं करून पाहिली. पट्टी सरळ राहत नाही, चकलीसारखी पिळली जाते. चुकतंय कुठे? आणि दार पश्चिमेला आहे, चालेल का?

---

मणीवाली, भुसावळ :

पीळ दोन कारणांनी पडतो. दर वेळी एकच टोक जोरात ओढलं जातं, किंवा ओलांडताना टोकांचा वर-खाली क्रम चुकतो. एका टोकाला मार्करने खूण करा. खुणेचं टोक दर घरानंतर बाजू बदलतं. एकदा वर, एकदा खाली, हा क्रम चुकला तिथपर्यंत उसवा. दोन्ही टोकं एकाच वेळी, सारख्या जोराने ओढा. दुसरी ओळ जोडली की उरलेला थोडा पीळ आपोआप बसतो.

पश्चिमेच्या उन्हात तंगूस कडक होऊन तुटतो. सणापुरतं लावा, मग सुती पिशवीत सपाट ठेवा, घडी नको. लावताना दर १५ सेंमीला एक खिळा.

---

दोरा-सुई, चाळीसगाव :

आसनात लाल दोरा असेल तर विणण्याआधी त्याचा हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. डाग उठला तर तो दोरा पांढऱ्याशेजारी घेऊ नका. पाटावर पाणी, हळद-कुंकू पडणारच. बोअरच्या जड पाण्यात धुतलेलं आसन ताठ होतं. शेवटच्या अर्ध्या बादलीत चमचाभर व्हिनेगर टाका, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट वाळवा. मुलीला चौकोन रंगाप्रमाणे मांडायला द्या, चौथीतल्या मुलीला ते छान जमतं, आणि साखळीही तिथूनच शिकता येते.