मदत हवी आहे : ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी जमलेला पैसा कुठं लावावा?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. पट ६४. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांतले आईबाप कोयते घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, ते थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही लेकरं आजीजवळ राहतात, काही सोबत जातात.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या वर्षाच्या खर्चाला मिळणारं संयुक्त अनुदान आमच्या पटाला २५,००० रुपये. त्यातला किमान दहा टक्के स्वच्छतेवर जातो, उरलेलं वीजबिल, खडू-फळा नि दुरुस्तीत संपतं. यंदा गावानं लोकवर्गणीतून ४०,००० जमवले, ते फक्त या लेकरांसाठी.

समितीत काहींना टीव्ही संच घ्यायचाय. मला ते पटत नाही. चौथीतली एक पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात बसते. जोडाक्षर आलं की बोट तिथंच थांबतं. तिला टीव्ही काय शिकवणार? गावातल्या बारावी झालेल्या मुलीला मानधन देऊन संध्याकाळी दोन तास वाचन घ्यावं, सोबत खायला काहीतरी द्यावं, असं माझं म्हणणं.

कुणी असं केलंय का? मानधन किती दिलं, हिशेब कसा ठेवला? आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात राहिलेल्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव तुमच्याकडं कोणत्या महिन्यात पाठवता? आणि शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते) घेऊन गेलेली लेकरं तिकडं खरंच शाळेत बसतात का, हे कसं तपासता? येत्या शनिवारी बैठक आहे, त्याआधी सांगितलंत तर फार बरं होईल.