मलप्रभेकाठची ट्रिप: दिवाळीनंतरची चर्चा

प्रसाद (पुणे): शुक्रवारी रात्री बेळगावात पोचतोय. शनि-रवि-सोम असे तीन दिवस आहेत. गोकाक, बदामी, हंपी, विजापूर. मॅपवर बघितलं, बसतंय सगळं.

संदीप: मॅपवर बसतंय, आत्याच्या गुडघ्यात बसत नाही.

शोभा आत्या: माझ्या गुडघ्याचं नाव पुढं करू नको. हंपी म्हणजे तेवढ्यासाठीच वेगळं जायचं गाव आहे. दोन तासांत उरकून यायला ते काय देवदर्शन आहे?

मेघा वहिनी: आणि गोकाक दिवाळीनंतर कशाला की? घटप्रभा जुलै-ऑगस्टात तांबडी होऊन 52 मीटरवरून पडते, तेव्हा बघायचा तो धबधबा. आता जाऊन झुलत्या पुलावर सेल्फी तेवढे होतील.

प्रसाद: मग राहिलं काय?

अण्णा काका: मी एक सांगू? नदी धरून जाऊया. मलप्रभा आपल्या कणकुंबीत उगवते. खानापूर, एम. के. हुबळी करत नविलतीर्थाच्या धरणात येते, तिथंच सौंदत्ती. पुढं रामदुर्ग, पट्टदकल, ऐहोळे आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेत. बदामी नदीपासून थोडी बाजूला पडते, तेवढं चालतंय. वाट न चुकता सगळं एका रेघेत येतं.

संदीप: हे भारी आहे काका. खरं विजापूरचं काय?

अण्णा काका: विजापूर पुढच्या खेपेला. गोल घुमटाच्या वर जायला जिने आहेत, आणि वरच्या सज्जात शाळांच्या सहली नुसत्या ओरडत असतात. तिथं सकाळी दार उघडताना जायचं, म्हणजे मुक्काम तिथंच पाहिजे. इब्राहिम रोजाची कबर आहे, मुलुख-मैदान तोफ आहे. ती तोफ आपल्या अहमदनगरात 1549 साली ओतलेली, एवढं वजन तिथून ओढत नेलं लोकांनी. घाईत बघायच्या गोष्टी नव्हेत त्या.

मेघा वहिनी: मग मी पण येतो. पहिल्या दिवशी काय काय?

संदीप: बैलहोंगलला कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी, मग सौंदत्तीला यल्लम्मा. शनिवार आहे, पौर्णिमाही नाही, डोंगरावर गर्दी बेताची असेल. धरण बघून रामदुर्गावरून बदामी, मुक्काम तिथं.

अण्णा काका: रामदुर्ग आणि नरगुंद, दोन्ही भाव्यांची संस्थानं. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी 1858 साली इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि त्यांना फाशी दिली ती आपल्या बेळगावात. इथं किती जणांना माहीत आहे?

प्रसाद: मला नव्हतं 🙏

शोभा आत्या: बनशंकरी चुकवायची नाही. आपल्या घराण्यातल्या किती जणांची कुलदेवी ती. आणि देवळाबाहेर बायका बुट्टीत खडक भाकरी, शेंगाचटणी, दही घेऊन बसतात. हॉटेलात जेवायचं कुणी नाव काढायचं नाही.

संदीप: बदामीत लेण्यांच्या पायऱ्या आहेत आत्या.

शोभा आत्या: चढते हळूहळू. तिसरं लेणं बघायला तरी चढणारच, 578 सालचा शिलालेख आहे त्यात. दुसऱ्यांदा येणं होईल न होईल. हातात पिशवी मात्र कुणी धरायची नाही, माकडं थेट ओढतात.

मेघा वहिनी: संध्याकाळी भूतनाथाच्या देवळात तळ्याकाठी जाऊया, उन्हं खाली आल्यावर.

अण्णा काका: दुसरा दिवस पट्टदकल आणि ऐहोळे. बदामीहून पट्टदकल 22 किलोमीटर. सकाळी लवकर निघा, नंतर फरशी तापते. विरूपाक्ष देऊळ लोकमहादेवी राणीनं बांधलं, तिचा नवरा, चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा, यानं कांची जिंकल्याबद्दल. वेरूळच्या कैलासाआधीचं. एकाच आवारात उत्तरेकडची वाटोळी शिखरं आणि दक्षिणेकडची पायऱ्यांची शिखरं शेजारीशेजारी आहेत. हे एवढं एका जागी दुसरीकडं बघायला मिळत नाही, म्हणून 1987 पासून जागतिक वारसा यादीत. गाईड घ्या, उगीच भिंतींचे फोटो काढून परत येऊ नका.

प्रसाद: आणि ऐहोळेत?

अण्णा काका: दुर्ग मंदिर, लाडखान मंदिर आहेच. खरं मेगुटीच्या टेकडीवर जायचं म्हणजे जायचंच. जैन देऊळ आहे, भिंतीवर रविकीर्ती कवीचा 634 सालचा शिलालेख. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीनं उत्तरेच्या हर्ष राजाला रोखलं ते त्यात आहे. आणि 99,000 गावांच्या तीन महाराष्ट्रकांवर, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांवर, पुलकेशीचं राज्य होतं, असंही लिहिलंय. कर्नाटकातल्या टेकडीवर, संस्कृतात, महाराष्ट्राचा उल्लेख!

संदीप: काका, ग्रुपवर सीमाप्रश्न नको 😂

अण्णा काका: मी कुठं आणला? पुलकेशीनं आणला.

शोभा आत्या: तुम्ही टेकडी चढा, मी खाली दुर्ग मंदिरात बसते. ऐहोळेजवळच अमीनगड आहे, करदंट, ती डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, तिथून घ्यायचा. गोकाकला जात नाही म्हणून करदंटाशिवाय घरी यायचं नाही.

संदीप: रविवारी मुक्काम कूडलसंगमला. सकाळी संगमनाथ आणि बसवण्णांचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी. नारायणपूर धरणाच्या पाण्यात ते विहिरीसारखं बांधून राखलंय, आत उतरून जायचं. परत बागलकोट, लोकापूर, यरगट्टी करत बेळगाव.

मेघा वहिनी: मुलांना एक दिवस सुट्टी काढावी लागेल. शाळेत मी कळवतो. आणि बदामीच्या खोल्या आजच बघा, दिवाळीनंतरचे शनिवार लगेच भरतात.

प्रसाद: ओके, टीटी (टेम्पो ट्रॅव्हलर) मी बुक करतो. किती जण?

शोभा आत्या: मला पुढची सीट. खानापूरवाल्यांनी आदल्या रात्रीच टिळकवाडीत यायचं, पाच वाजता गाडी सुटणार म्हणजे सुटणार.

संदीप: आत्या, गेल्या खेपेला उशीर कुणामुळं झालता?

शोभा आत्या: प्रसाद, तू गाडी बघ.