कंट्री प्रेमगीतात विनोद आला की प्रेम हलकं होतं का?

सांजवारा:
मी अमेरिकेत टेनेसीत राहते आणि चार वर्षांपासून हौसेने कंट्री ढंगाची, म्हणजे इथल्या गावाकडच्या संगीताच्या वळणाची गाणी लिहिते. परवा गाणी लिहिणाऱ्यांच्या बैठकीत एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "हसवायचं असेल तर त्याला प्रेमगीत म्हणू नका." मला हे मुळीच पटलेलं नाही. माझ्या मते कंट्रीतलं सगळ्यात खरं प्रेमगीत हे विनोदीच असतं. त्यातली माणसं प्रेमात पडून वीस वर्षं झालेली असतात. 1978 मध्ये लोरेटा लिन आणि कॉनवे ट्विटी यांनी एक द्वंद्वगीत गायलं. आपली पोरं कुरूप का, यावरून नवराबायको त्यात एकमेकांना दोष देतात. इतकं भांडूनही दोघं एकाच घरात आहेत, याहून मोठी कबुली कुठली?

सध्या लिहितेय त्या गाण्यात नवरा घोरतो. पहिल्या कडव्यात खिडकीची तावदानं थरथरतात, पलंगाखालचं कुत्रं उठून ओसरीवर झोपायला जातं. दुसऱ्यात बायको कानात कापूस घालते. धृपदाची ओळ अशी, "तुझ्यामुळे माझा डोळा लागत नाही." तिसऱ्या कडव्यात तो ट्रक घेऊन टेक्ससला गेलाय, घर चिडीचूप, रात्रीचे तीन वाजलेत. धृपद तेच, एक शब्दही बदललेला नाही.

आडवाट:
तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तिसऱ्या कडव्यात विनोद थांबतो, तिथे गाणं काळजाला भिडतं. आधीची दोन कडवी म्हणजे नुसती वाट बघणं. कंट्री गायक जॉर्ज जोन्सचं 1980 चं गाणं घ्या. त्यातला माणूस मरेपर्यंत तिच्यावर प्रेम करतो, आणि आज त्याने प्रेम करणं थांबवलं म्हणजे आज तो गेला. तिथे हशा पिकवायची गरज पडली नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खुपते. 1969 पासून टीव्हीवर 'ही हॉ' नावाचा कार्यक्रम लागायचा. मक्याच्या शेतातून डोकी वर काढून माणसं विनोद सांगायची. गावाकडचा माणूस म्हणजे बावळट, हे चित्र असल्याच गोष्टींनी पक्कं केलं. तुमच्या गाण्यातलं कुत्रं, ओसरी, घोरणारा ट्रकवाला, शहरातला श्रोता नक्की कशाला हसणार?

तीनतारी:
जोन्सच्या गाण्याबद्दल थोडं थांबा. त्याची घडण विनोदाचीच आहे! आधी ओळ ऐकवायची, अर्थ लपवून ठेवायचा आणि नेमक्या जागी उघडायचा. आपल्या उखाण्यात नाव शेवटी येतं, तसंच. फरक एवढाच की तिथे हसू येण्याऐवजी डोळे भरतात. एकाच कारागिराच्या हातची दोन कामं आहेत ही.

वाजवणारा म्हणून एक सांगतो. नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत जेमतेम 90 माणसं बसतात आणि गीतकार गोल करून आपलीच गाणी म्हणतात. अशा ठिकाणी हशा झाला की पुढची ओळ त्यात बुडते. म्हणून विनोदी ओळीनंतर दोन मात्रा नाही, दोन पूर्ण आवर्तनं मोकळी ठेवा, नुसती गिटार वाजू द्या. रडवणाऱ्या गाण्याला एवढा हिशेब लागत नाही.

भातुकली:
माझा आक्षेप निराळा आहे. हसतंय कोण आणि कोणाला? 2002 मध्ये ब्रॅड पेस्लीचं एक गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं. बायको म्हणते, मासेमारी सोड नाहीतर मी जाते. तो गळ टाकून बसतो आणि म्हणतो, तिची आठवण येईल. गाणं सफाईदार आहे, पण तिला उत्तर द्यायला जागाच नाही. याउलट जॉनी कॅश आणि जून कार्टरचं 1967 चं द्वंद्वगीत. तो शहरात जाऊन धमाल करण्याच्या बढाया मारतो आणि ती तिथल्या तिथे त्याची हवा काढते. तमाशातल्या सवाल-जवाबासारखं, दोघंही तयारीचे. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

सांजवारा, तुमच्या गाण्यात नवरा तर झोपलेलाच आहे. त्याला बोलू द्या.

आडवाट:
भातुकलीताईंचं मान्य. तरी माझा मुद्दा उरतोच. विनोद पहिल्यांदा ऐकताना फुलतो, दहाव्यांदा शिळा होतो. विरह शिळा होत नाही.

तीनतारी:
रॉजर मिलरने विनोदी गाण्यांच्या जोरावर लागोपाठ दोन वर्षांत 11 ग्रॅमी घेतली, 1965 मध्ये 5 आणि 1966 मध्ये 6. ती गाणी अजून गुणगुणली जातात. शिळी होते ती नुसती कोटी. माणूस दिसला की गाणं टिकतं.

सांजवारा:
दुसरं कडवं काल रात्री पुन्हा लिहिलं. आता ते नवऱ्याचं आहे. ती झोपेत किराण्याची यादी बडबडते आणि तो बिचारा अंधारात मनातल्या मनात साखर, मीठ, बटाटे पाठ करत पडतो. कापूस गेला.

आडवाट:
हे कडवं आवडलं. पण तिसऱ्यात कुत्रं पुन्हा आणू नका, एवढं ऐका. तिथे एकटेपणा निखळ हवा.

सांजवारा:
नाही दादा, कुत्रं राहणार. फक्त ते आता ओसरीवर नाही. आत येऊन त्याच्या उशीवर डोकं ठेवून पडलंय, आणि तेही जागंच आहे.