द्रावण बनवणं हे दुय्यम काम नाही
"संशोधन सहाय्यक म्हणजे नुसती भांडी धुणं आणि नोंदी ठेवणं" असं काही जण म्हणतात, ते मत मला पटत नाही. आमच्या प्रयोगशाळेत उंदराचं हृदय लँगेनडॉर्फ पद्धतीने शरीराबाहेर धडधडतं ठेवतात. ही पद्धत १८९५ पासूनची. महाधमनीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत) नळी बसवून ३७ अंश सेल्सिअसचं, ऑक्सिजन मिसळलेलं क्षारद्रावण उलट्या दिशेने, म्हणजे हृदयाकडे सोडायचं. महाधमनीच्या तोंडाची झडप मिटते, द्रावण हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरतं आणि ठोके चालू राहतात. पण हवेचा बुडबुडा गेला की पुरवठा अडतो, कॅल्शियमचं प्रमाण चुकलं की आकुंचनच बिघडतं. ते द्रावण कोण बनवतं? सहाय्यकच! त्या प्रयोगासाठी एका प्राण्याचा जीव गेलेला असतो हो. नवीन येणाऱ्यांनी आधी द्रावण बनवायला शिकावं, सांख्यिकी नंतर.