‘लाभार्थी’ कुठे चालतो, कुठे अडतो?

प्रश्न

समाजकार्यावरचं एक हस्तपुस्तक मराठीत आणायचं काम हाती आहे. निरनिराळ्या देशांतल्या कल्याणकारी योजना आणि तिथल्या कार्यकर्त्यांची कामाची पद्धत, असा विषय. मूळ मजकुरात समोरच्या माणसाला पाच नावं आहेत : क्लायंट, बेनिफिशिअरी (लाभ मिळणारा), रेसिपिअंट (मदत घेणारा), क्लेमंट (मागणी करणारा) आणि सर्व्हिस यूजर. हाती आलेल्या कच्च्या मसुद्यात पाचांच्याही जागी ‘लाभार्थी’ बसवलेला आहे. वाचायला सोपं जातं, पण मधूनच ‘लाभार्थ्याने अर्ज नाकारल्याविरुद्ध अपील केले’ असं वाक्य येतं आणि अडखळायला होतं. अर्ज नाकारला, तर लाभ कसला? पर्याय सुचवा. शिवाय समाजसेवा आणि समाजकार्य एकच धरले तर चालेल का?

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. चालणार नाही. समाजसेवा कुणीही करू शकतं, आपल्या सवडीने आणि आपल्या मनाप्रमाणे. समाजकार्य हा शिकून करायचा व्यवसाय आहे. त्याला आचारसंहिता असते, नोंदी ठेवाव्या लागतात, वरिष्ठांपुढे निर्णयाची कारणं द्यावी लागतात. लंडनचं टॉयन्बी हॉल (1884) किंवा शिकागोचं हल हाउस (1889) या गरीब वस्तीतल्या केंद्रांमध्ये काम सुरू झालं ते सेवाभावातूनच. पण अॅमस्टरडॅमला 1899मध्ये या कामाचं रीतसर शिक्षण देणारी संस्था निघाली आणि दोन्ही वाटा हळूहळू वेगळ्या झाल्या. शिवाय बोलण्यात ‘समाजसेवक’ शब्दाला आता टोमण्याची धार आली आहे. ‘मोठा समाजसेवक लागून गेलास!’ हे कुणी कौतुकाने म्हणत नाही. पुस्तकात समाजकार्यकर्ता, समाजकार्यकर्ती असंच ठेवा.

प्रतिसाद

‘लाभार्थी’ची गंमत त्याच्या घडणीत आहे. विद्यार्थी, परीक्षार्थी, शरणार्थी यांतला ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, मागणारा. विद्यार्थ्याला विद्या आलेली नसते, म्हणूनच तो विद्यार्थी. या हिशेबाने लाभार्थी म्हणजे लाभ मागायला आलेला, आणि तुमचं खटकणारं वाक्य व्युत्पत्तीने बरोबरच ठरतं! पण रूढ अर्थ फिरला आहे. यादीत नाव लागलं, पैसे किंवा वस्तू मिळाली, तो लाभार्थी. रूढीपुढे व्युत्पत्तीचं चालत नाही, त्यामुळे ज्याला मिळालं आहे त्याच्यासाठीच हा शब्द राखून ठेवावा.

तरी दोन्ही अर्थांत एक गोष्ट तशीच राहते : देणारा कुणीतरी दुसरा आहे आणि जे मिळतं ते ‘लाभ’ आहे, म्हणजे वरकड काहीतरी. पगाराला आपण लाभ म्हणत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला लाभार्थी म्हटलं तर तो रागावेल, कारण त्याच्या लेखी ते कमावलेलं आहे. बिस्मार्कच्या जर्मनीत 1883पासून आजारपण, मग अपघात, मग 1889मध्ये वार्धक्य यांसाठी विम्याचे कायदे झाले. तिथला कामगार वर्गणी भरून हक्कदार होत होता. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचं वर्णन करताना ‘लाभार्थी’ वापरलात तर त्या व्यवस्थेचा कणाच निघून जातो. तिथे ‘विमेदार’ किंवा ‘हक्कदार’ म्हणा.

प्रतिसाद

पुस्तकात इंग्लंडच्या 1834च्या गरीब कायद्याचा उल्लेख असणारच. तिथे एक खड्डा आहे, म्हणून आधीच सांगते. ‘लेस एलिजिबिलिटी’ या तत्त्वाचं भाषांतर ‘कमी पात्रता’ असं करण्याचा मोह होईल. ते साफ चूक. त्या काळी ‘एलिजिबल’चा एक अर्थ निवडावासा वाटणारं, हवंसं असा होता. तत्त्व असं की, सरकारी आसऱ्याला आलेल्याची स्थिती स्वतः राबून खाणाऱ्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही नकोशी असली पाहिजे, म्हणजे नाइलाज झाल्याशिवाय कुणी दारात येणार नाही. वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या आसऱ्यात, नवराबायकोला वेगळं ठेवायचे, ते याच हिशेबाने. गरीब कायद्याखाली मदत घेणाऱ्याचा मताधिकारही जायचा; ही अट 1918मध्ये उठली. ‘कमी पात्रता’ म्हटलं की हे सगळं अर्ज भरण्याच्या नियमासारखं निरुपद्रवी वाटायला लागतं. मी ‘नकोसेपणाचं तत्त्व’ म्हणेन. शब्द जरा ओबडधोबड आहे, पण खरा आहे.

आणि ‘पॉपर’साठी, म्हणजे या कायद्याखाली मदत घेणाऱ्यासाठी, नुसतं ‘गरीब’ पुरणार नाही. तो कायदेशीर दर्जा होता. ‘आश्रित’ जवळचा.

प्रतिसाद

ही कसरत कशासाठी? नाव काहीही ठेवा, रांगेत उभं राहायचं ते चुकत नाही. जर्मनीत 2005पासून बेकारांसाठी जी मदत सुरू झाली तिला लोक ‘हार्ट्झ फोर’ म्हणायचे, सुधारणा सुचवणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षाच्या आडनावावरून. त्याचं पुढे ‘हार्ट्झेन’ असं क्रियापद झालं, म्हणजे सरकारी पैशावर बसून खाणं, आणि 2009मध्ये ते तिथे तरुणाईचा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडलं गेलं. मग 2023मध्ये नवं नाव आलं, ‘ब्युर्गरगेल्ड’, नागरिकाचा पैसा. अमेरिकेने 2008मध्ये ‘फूड स्टॅम्प’ या गरिबांच्या अन्नखर्चाला मदत करणाऱ्या योजनेचं नाव बदललं, पण बोलताना लोक अजून जुनंच म्हणतात. डाग नावाला नसतो, मदत घेण्यालाच असतो. नवं नाव चार दिवसांत मळतं.

प्रतिसाद

मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. याहून बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. तिथलं मदत देणारं सरकारी खातं समोरच्या माणसाला ‘कस्टमर’ म्हणतं. ग्राहक! याच ग्राहकांना ‘रोबोडेट’ या व्यवस्थेत संगणकाने वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून ‘तुमच्याकडे एवढी रक्कम येणे आहे’ अशी पत्रं पाठवली, आणि ते देणं नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली. ही पद्धत बेकायदा असल्याचं सरकारला 2019मध्ये कोर्टात कबूल करावं लागलं. चौकशी आयोगाचा अहवाल 2023मध्ये आला. गोड नाव आणि कडू व्यवहार एकत्र नांदू शकतात, हे यावरून खरंच.

पण नाव कायद्यातल्या स्थानासह बदललं की फरक पडतो, आणि त्यालाही जर्मनीचाच दाखला आहे. तिथे जुना शब्द ‘फ्युरसोर्गे’, म्हणजे काळजी वाहणं, देखभाल. 1954मध्ये तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला की गरजू माणूस म्हणजे शासनाने हाताळायची निव्वळ वस्तू नाही, त्याला मदतीवर कायदेशीर हक्क आहे. मग 1961च्या कायद्यात ‘सोत्सियालहिल्फे’, सामाजिक सहाय्य, हा शब्द आला. इथे हक्क आधी आला, शब्द मागून. उलटा प्रवास अमेरिकेत झाला. ‘वेलफेअर’ त्यांच्या संविधानाच्या उद्देशिकेतला भारदस्त शब्द, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शिवीच्या जवळ गेला. 1996च्या कायद्याने मुलं असलेल्या गरीब कुटुंबांचा मदतीवरचा हक्क काढून घेतला आणि केंद्रीय निधीतून मिळणाऱ्या मदतीला साधारण पाच वर्षांची आयुष्यभराची मर्यादा घातली. नव्या योजनेच्या नावातच ‘तात्पुरती’ आणि ‘गरजू’ हे दोन्ही शब्द आले. तेव्हा अमेरिकी संदर्भात ‘वेलफेअर’ला ‘कल्याण’ म्हणू नका, ‘सरकारी मदत’ म्हणा. ‘झालं कल्याण!’ हा आपला तिरकस प्रयोग अनपेक्षितपणे जवळचा आहे, पण हस्तपुस्तकात तो चालायचा नाही.

प्रतिसाद

‘क्लायंट’बद्दल कुणीच बोललं नाही. समाजकार्यात हा शब्द आणण्यामागे हेतू चांगला होता. वकिलाचा असतो तसा क्लायंट, म्हणजे सल्ला घेतो पण निर्णय त्याचा. गंमत म्हणजे मूळ रोमन ‘क्लिएन्स’ हा कुणा बड्या असामीच्या आश्रयाला असलेला माणूस. मराठीत ‘अशील’ वकिलाकडेच शोभतो. ‘क्लायंट’ तसाच ठेवावा. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली मंडळी रोजच्या बोलण्यात तोच वापरतात.

‘सर्व्हिस यूजर’ मात्र ‘सेवा वापरकर्ता’ करू नका. वापरकर्ता म्हटलं की पासवर्ड आठवतो.

प्रतिसाद

जाता जाता : पुस्तकात समाजकार्याची 2014ची जागतिक व्याख्या असेल, तर ‘एम्पॉवरमेंट अँड लिबरेशन’ ही जोडी भेटेल. ‘सबलीकरण’मध्ये आधी दुबळं ठरवून मग बळ देणारा कुणीतरी डोकावतो, ‘सक्षमीकरण’ही फार वेगळं नाही, पण रुळलेलं आहे. ‘लिबरेशन’ला बिचकून ‘विकास’ करू नका. ‘मुक्ती’च हवी. ती अध्यात्मातली वाटेल ही भीती व्यर्थ आहे. ‘स्त्रीमुक्ती’ने तो शब्द केव्हाच जमिनीवर आणला आहे. लॅटिन अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांनी 1960च्या दशकापासून आपल्या व्यवसायाची जी फेरमांडणी केली, ती या शब्दाशिवाय सांगताच येणार नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. सध्या असं ठरवते : निर्णय होईपर्यंत ‘अर्जदार’, कायद्याने मिळायलाच हवं तिथे ‘हक्कदार’, योजनेच्या आकडेवारीत ‘लाभार्थी’, समाजकार्यकर्त्याबरोबरच्या प्रत्यक्ष कामात ‘क्लायंट’. सर्व्हिस यूजरसाठी ‘सेवा घेणारी व्यक्ती’. ‘नकोसेपणाचं तत्त्व’ तळटिपेसह घेते.

प्रतिसाद

‘सेवा घेणारी व्यक्ती’ एकदोनदा ठीक. पानभर आली की ‘ती म्हणाली, तिला वाटलं’ सुरू होतं आणि तीन परिच्छेदांनी कळतं की ती व्यक्ती साठीचा पुरुष आहे. शक्य तिथे अनेकवचन करा : सेवा घेणारे. एकवचन टळतच नसेल तर सरळ त्या प्रकरणातला माणूस सांगा : आजोबा, आई, नोकरी गेलेला कामगार. हस्तपुस्तकातल्या उदाहरणांना तेच जास्त शोभेल.