घरच्या डेस्कटॉपवर व्हीपीएन बसवावे का?

धंतोलीकर (मूळ मुद्दा)

ऑडिटचा हंगाम आला की नागपुरातील धरमपेठ-रामदासपेठेतील सीएंच्या कार्यालयांत घरून टॅली उघडता यावी म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे) ३३८९ हे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, सर्रास उघडे केले जाते, आणि तीच मंडळी घरच्या संगणकावर मात्र ‘सुरक्षेसाठी’ कुठलेतरी फुकटचे व्हीपीएन (इंटरनेटवरील वाहतूक कूटबद्ध, म्हणजे इतरांना वाचता न येणारी, करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) बसवतात. माझ्या मते पहिले काम व्हीपीएनशिवाय करूच नये आणि दुसऱ्यासाठी त्याची गरज नाही. बँकेचे संकेतस्थळ एचटीटीपीएसवर चालत असल्याने पासवर्ड आधीच कूटबद्ध होऊन जातो. व्हीपीएन बसवल्यावर आपण कुठे फिरतो हे इंटरनेट पुरवठादाराऐवजी व्हीपीएन कंपनीला कळते, इतकाच फरक. होला ही फुकटची सेवा तिच्या वापरकर्त्यांचीच जोडणी ल्युमिनाटी या नावाखाली इतरांना विकत होती, हे २०१५ मध्ये उघड झाले होते.

सदरवासी

असहमत. ‘इतकाच फरक’ हा स्वतःच्या नावाची जोडणी असलेल्यांसाठी लहान आहे. त्रिमूर्तीनगरात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी घरमालकाच्या वायफायवर संगणक चालवतो, आणि त्या राउटरची सूत्रे कोणाकडे आहेत हे त्याला ठाऊक नसते. त्याने सशुल्क व्हीपीएन घेतले तर काय बिघडले? प्रोग्राम कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा आणि ‘किल स्विच’ सुरू ठेवावा, म्हणजे जोडणी मध्येच तुटली तरी माहिती उघड्या वाटेने जाणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद ५ वर्षे ठेवण्यास सांगितल्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले, हे मात्र कंपनी निवडताना लक्षात असू द्यावे.

मिहानमधील नेटवर्क कर्मचारी

आपण दोघेही ‘बसवावे की नाही’ यावर अडला आहात. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बसवल्यानंतरच्या असतात. कार्यालयासाठी मी वायरगार्ड हा व्हीपीएन प्रोग्राम सुचवतो. विंडोजवर ‘अ‍ॅड टनेल’मधून रिकामा टनेल (दोन संगणकांमधली कूटबद्ध वाट) घेतला की कूटबद्धतेच्या चाव्यांची जोडी तिथेच तयार होते. त्यातील खासगी चावी त्या संगणकाबाहेर जाता कामा नये, पण लोक ती चावी असलेली अख्खी कॉन्फिग (मांडणीची) फाइलच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात! पुढचा घोळ टनेलमधून कोणत्या पत्त्यांची वाहतूक न्यायची हे सांगणाऱ्या ‘अलाउड आयपीज’ या एका ओळीत असतो. तिथे ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) लिहिले तर यूट्यूबसुद्धा कार्यालयाच्या जोडणीवरून फिरून येते, आणि टनेलबाहेरची वाहतूक रोखण्याची खूण तशीच राहिली तर घरच्या नेटवर्कवरील प्रिंटर बंद पडतो. म्हणून केवळ कार्यालयाचा पत्ता-समूह (तिथल्या नेटवर्कमधील आयपी पत्त्यांचा गट) लिहावा. तोही १९२.१६८.१ ने सुरू होणारा असेल आणि घरच्या राउटरवरही तोच असेल, तर हँडशेक (दोन्ही टोकांची जुळणी) झालेला दिसतो, टॅली मात्र उघडत नाही. अशा वेळी कार्यालयातला समूह बदलावा लागतो. शिवाय पुरवठादाराने कार्यालयाला सार्वजनिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) दिला नसेल, तर राउटरवर वायरगार्डचे यूडीपी ५१८२० हे पोर्ट कितीही उघडा, बाहेरून काहीच पोहोचत नाही. तेव्हा स्थिर आयपी मागून घ्यावा किंवा वायरगार्डवरच आधारलेले टेलस्केल वापरावे. विंडोजच्या अंगभूत व्हीपीएनमध्ये पीपीटीपी हा जुना, असुरक्षित पर्याय अजूनही दिसतो, त्याला हात लावू नये.

धंतोलीकर

तांत्रिक तपशिलाबद्दल आभार. कार्यालयाबाबत आपले एकमत आहे असे मी समजतो. सदरवासींच्या विद्यार्थ्यापुरते बोलायचे तर फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारण्याची यंत्रणा) कूटबद्ध करण्याची सोय आहेच. ती सुरू केली की घरमालकाच्या राउटरला संकेतस्थळांची विचारणा वाचता येत नाही आणि कुणा परदेशी कंपनीला दरमहा पैसेही मोजावे लागत नाहीत.

सदरवासी

विचारणा झाकली जाते, नाव झाकले जात नाही. एचटीटीपीएसची जोडणी सुरू होताना ब्राउझर संकेतस्थळाचे नाव बहुतेक वेळा उघडपणेच पाठवतो, आणि राउटरमागे बसून पाहणाऱ्याला तेवढे पुरते. ते लपवणारी पद्धत आली आहे खरी, परंतु ती समोरच्या संकेतस्थळानेही स्वीकारावी लागते आणि बहुतेकांनी अद्याप स्वीकारलेली नाही. म्हणून परक्याच्या वायफायवर राहणाऱ्याला मी सशुल्क व्हीपीएनच सुचवीन. स्वतःच्या नावाची जोडणी असलेल्या धंतोलीकरांनी ते पैसे खुशाल वाचवावेत.